पत्रिकेबाहेरची माती

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळू लागली. तिच्यावर १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सगळे कामाचेच. पण जमीन पाणी कशी पिते, मुळाला हवा किती देते, याचा रकाना तिच्यात नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात पीक बरेचदा तिथेच फसते.

रिसोडकडे पैनगंगेकाठची वावरे काळी, भारी. बेसाल्ट झिजून झालेली ही चिकण माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात भेगेत हात जातो. टेकाडावरच्या बरडात वीतभर मातीखाली मुरूम. तिथे पाऊस उघडला की लगेच डवरा चालतो, काळ्यात वाफशाची वाट बघत बसावे लागते. आणि खत लोक दोन्हीकडे सारखेच टाकतात!

जुलैची झड लागली, सोयाबीन पिवळे पडले, की माणूस युरियाकडे धावतो. मी आधी खुरपीने झाड काढतो आणि मुळावरची गाठ नखाने फोडतो. आतून गुलाबी निघाली तर ती हवेतला नत्र धरते आहे. हिरवट, पिचपिचीत निघाली तर तिचे काम थांबले. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरले की हवा बाहेर जाते, नायट्रेटही वायू होऊन उडते. चिबडलेल्या वावरात युरिया फेकणे म्हणजे बुडत्याला ताट वाढणे.

आणखी खणले की कधी कधी चोपडा, दाबलेला थर लागतो आणि सोटमूळ त्यावर काटकोनात वळलेले दिसते. ओल्यात रोटाव्हेटर फिरवल्याची ही खूण. वरून माती भुसभुशीत, म्हणून मालक खूश. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की हेच झाड आधी मान टाकते. खाली ओल असते, मूळ तिथवर पोचत नाही.

काळ्यात म्हणूनच मला बीबीएफची पेरणी पटते. रुंद वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंना सरी. झडीत जादा पाणी सरीने निघते, पाऊस कमी असला तर तिथेच मुरते. बरडावर शेणखत, उताराला आडवी पेरणी, आणि नत्र द्यायचा तर हप्त्याहप्त्याने.

वाफसा बघायला यंत्र लागत नाही. वीतभर खालची माती मुठीत दाबा, गोळा छातीच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वखर जुंपा. चपटला तर शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू दिसला तरी थांबा.