मेंदूतलं पाऊल

जयपूरच्या मालवीय नगरात भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र आहे. नवा पाय बसवलेला माणूस तिथं दोन्ही हातांनी दांड्या धरून पहिली पावलं टाकतो, तेव्हा त्याची नजर खाली खिळलेली असते. पाऊल कुठं पडतंय हे पाहिल्याशिवाय त्याला कळत नाही. तुम्हाआम्हाला ते अंधारात जिना उतरतानाही कळतं. तळव्याची कातडी, घोटा, पोटरीचे स्नायू सतत खबर देत असतात आणि त्यातल्या वेगवान खबरा सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं मज्जारज्जूतून मेंदूकडे धावतात.

पाय कापला की तळव्याची खबर थांबते. पण मेंदूत पायाचं घर असतं, दोन गोलार्धांमधल्या खाचेत, अगदी वर. तिथवर शस्त्रक्रियेची सुरी पोचत नाही. पाय गेला तरी ते घर जागंच राहतं. म्हणून नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते, नसलेल्या पोटरीत गोळा येतो. रात्री खाजवायला हात जातो आणि चादरीला लागतो. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या भासमान अवयवांबद्दल लिहिलं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६८ च्या सुमारास, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकडाचा पाय घडवला. परदेशी बनावटीच्या पायाला बूट लागायचा. त्यानं ना उकिडवं बसता यायचं, ना अनवाणी शेतात जाता यायचं. हा जयपूर पाय घोट्यात वळतो, खडबडीत जमिनीवर कलतो.

मला या कलण्याचं मोल फार वाटतं. दगडावर पाऊल तिरकं झालं की तो हिसका वर चढतो आणि उरलेल्या पायाच्या कातडीला, सांध्याला जाणवतो. रबराला मज्जातंतू नाहीत, पण त्याच्या टोकाशी जिवंत मांस आहे. मेंदू तेवढ्यावर नवी बाराखडी गिरवतो. लहान मेंदू तोल आणि ताल पुन:पुन्हा दुरुस्त करतो. सरावानं एके दिवशी खाली खिळलेली मान वर होते, माणूस समोर बघून चालू लागतो. मुंबईत वाढलेल्या सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला आणि १९८४ मध्ये जयपूर पायावर त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. त्या नाचाला आपण जिद्द म्हणतो. ती होतीच, तिच्या जोडीला मेंदूची चिवट शिकवणीही होती.

नवा पाय बसला म्हणून जुन्या पायाची कळ थांबतेच असं नाही. तुमच्या घरात, शेजारात कुणी नसलेला पाय दुखतो म्हणाला, तर त्याला वेड्यात काढू नका. त्याचं दुखणं खरं आहे. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.