सोळा लाखांतली एक

मिरज

चि. मुक्ता,

तुमच्या गल्लीतली मॉरिस मायनर विकायला निघाली आहे आणि ती घ्यावी असं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. तुझी शंका रास्त आहे. ज्या गाडीचे सोळा लाखांच्या आसपास नग बनले, ती जपायला लोक एवढी धडपड का करतात? माझ्या मते तिचं मोल या सोळा लाखांतच आहे. कसं ते सांगते.

गाडीचा आराखडा अलेक इसिगोनिस यांचा. त्यांचा जन्म १९०६ मध्ये स्मर्ना इथला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझ्मीर. तिथल्या युद्धामुळे १९२२ मध्ये त्यांच्या कुटुंबाला घरदार सोडावं लागलं आणि ते इंग्लंडला आले. दुसरं महायुद्ध चालू असतानाच मॉरिस कंपनीत त्यांनी या गाडीची चित्रं काढायला घेतली. तेव्हा तिचं नाव होतं ‘मॉस्किटो’. बेताच्या पगाराच्या माणसालाही रस्त्यावर पक्की बसणारी, वळणावर न डगमगणारी गाडी मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी चाकं लहान, चौदा इंची घेतली आणि ती चार कोपऱ्यांकडे सरकवली. त्यामुळे आत बसायला जागा मिळाली. पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन आणि रॅक-पिनियनचं स्टिअरिंग बसवलं. त्या काळातल्या स्वस्त गाड्यांत एवढा विचार क्वचितच दिसे.

नमुना जवळपास तयार झाला, पण इसिगोनिस यांना तो अरुंद वाटत राहिला. शेवटी त्यांनी गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही भाग सरकवून पाहिले आणि चार इंचांवर थांबले. तू गाडी पाहायला जाशील तेव्हा बॉनेटच्या मधली सपाट पट्टी नीट बघ. ती त्या चार इंचांची आहे. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर तर आधीच तयार होते, म्हणून तेही मधे कापून तुकडा जोडावा लागला. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना गाडी मुळीच आवडली नव्हती. ‘पोच्ड एग’ म्हणून त्यांनी तिला हिणवलं, असं सांगतात. तरी ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि लोकांनी तिला उचलून धरलं.

इंजिन मात्र आधी जुनंच, ९१८ सीसीचं होतं, आणि गाडीच्या मानाने ते अशक्त होतं. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्या, तेव्हा ऑस्टिनचं ८०३ सीसीचं ए-सीरीज इंजिन तिला मिळालं. १९५६ च्या ‘मायनर १०००’ मध्ये ते ९४८ सीसीचं झालं आणि समोरची दोन भागांची काच जाऊन अखंड काच आली. १९६२ पासून १०९८ सीसी. याच घराण्याचं इंजिन पुढे मिनी या गाडीत २००० सालापर्यंत चालू राहिलं, म्हणून त्याचे सुटे भाग आणि ते खोलून बांधणारे हात तुमच्याकडे आजही सहज सापडतात.

डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बाहेर पडली. कोणत्याही ब्रिटिश गाडीने हा टप्पा त्याआधी गाठला नव्हता. त्या आनंदात फिक्या जांभळ्या रंगाच्या सुमारे साडेतीनशे गाड्या काढल्या गेल्या. संग्राहक त्यांच्या मागे असतात. तशीच मागणी जाळीतच दिवे असलेल्या पहिल्या गाड्यांना, कापडी टपाच्या गाड्यांना आणि मागे लाकडी चौकट असलेल्या ट्रॅव्हलरला. पण गावोगाव फिरणाऱ्या नर्स, गस्तीचे पोलीस, शिक्षक आणि नवी संसारी मंडळी यांनी जी वापरली, ती साधी सलूनच मला सर्वांत मोलाची वाटते.

१९७६ मध्ये चार्ल्स वेअर यांनी बाथ शहरात केवळ मायनरसाठी केंद्र काढलं. दर काही वर्षांनी नवी गाडी घेऊन तिची किंमत घटताना बघण्यापेक्षा, दुरुस्त होणारी एक गाडी नेमाने राखणं शहाणपणाचं, असं ते मांडत. मला हा विचार मनापासून पटतो. मायनरमध्ये बंद डबा असा नाहीच. बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंप सगळं समोर दिसतं आणि पान्याला जागा मिळते. मालकाला समजते, म्हणून ती टिकते. गाड्या एवढ्या संख्येने बनल्या नसत्या, तर सुटे भाग आज कुणी बनवत बसलं नसतं.

आता कामाचं. रंगावर भाळू नकोस. गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. म्हणून दाराखालचे पत्रे, तळाचा आडवा पत्रा आणि मागचे पाटे जिथे बसतात त्या जागा गंजाने खाल्ल्या आहेत का, हे गाडी वर उचलून बघ. पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्यांना ग्रीस मिळत गेलं आहे का, ते विचार. तो सांधा झिजून निसटला तर चाक कोलमडतं. ट्रॅव्हलर असेल तर लाकूड तपास, कारण ते शोभेचं नाही, भार पेलतं. इंजिन थोडं धुरकट असलं तरी चालेल. ते बांधता येतं. कुजलेल्या सांगाड्याला मात्र पैसा पुरत नाही.

आपल्याशीही तिचं नातं आहे. हिंदुस्तान मोटर्सने हीच मायनर ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून जुळवली होती, आणि तू लहानपणी जिच्यात बसलीस ती अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिलाही पुढे टॉर्शन बार, तिलाही रॅक-पिनियन.

सांगाडा भक्कम निघाला तर घे. मात्र पांघरूण घालून गॅरेजात ठेवायची असेल, तर घेऊ नकोस. बाजाराला ने, कामावर ने, पावसातही चालव, आणि ऑइल, ग्रीस, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट एवढं तरी स्वतःच्या हाताने करायला शीक. अडलीस तर फोटो पाठव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आत्या