लायडनचे अमेरिकन बिऱ्हाडकरू

हॉलंड देशांत अॅमस्टरडॅमच्या नैर्ऋत्येस, आगगाडीनें पाऊण तासाच्या आंत, लायडन हें विद्यापीठाचें गांव लागतें. १५७५ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ, रेम्ब्रांट या चित्रकाराचें जन्मस्थान आणि गांवभर खेळविलेले कालवे यांसाठीं प्रवासी तेथें जातात. त्या सर्वांचें वर्णन पुष्कळांनीं केलेलें आहे. आम्ही उभयतां गेल्या वर्षीं चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं नव्वद दिवसांच्या परवान्यावर राहिलों, तेव्हां आमचें लक्ष वेधलें तें मात्र निराळ्याच गोष्टीनें. आमच्या वरच्या मजल्यावर ओहायोकडील एक अमेरिकन कुटुंब राहत असे. नवराबायको, नऊ वर्षांची मुलगी व सहा वर्षांचा मुलगा; आणि आम्ही असतांनाच त्या घरीं तिसरें अपत्य, कन्यारत्न, जन्मास आलें. परदेशीं मुलें वाढवावयाचीं कशीं, हें जें कोडें हल्लीं आपल्या कितीतरी घरांतून बोललें जातें, तें अमेरिकेसारख्या सधन देशाच्या माणसांनाहि पडतें, आणि ज्यांची भाषा साऱ्या जगांत चालते त्यांनाहि ती मुलांच्या तोंडीं टिकविण्याची काळजी लागते, हें आम्हांस तेथें प्रथम कळलें.

त्या गांवास हें कोडें नवें नाहीं. १६०९ सालीं इंग्लंडांतील धर्मछळास कंटाळलेलीं सुमारें शंभर माणसें नगरपित्यांची परवानगी मागून लायडनला राहावयास आलीं. जॉन रॉबिन्सन हे त्यांचे धर्मगुरु. विल्यम ब्रॅडफर्ड नांवाचा एक तरुण त्यांत होता. तो तेथें विणकामावर पोट भरी. शहरानें त्यांस थारा दिला, छळ कोणी केला नाहीं. तरीहि अकरा वर्षांनीं त्यांतले कांहीं जण उठून समुद्रापार निघाले. ब्रॅडफर्डनें पुढें त्याचीं कारणें लिहून ठेविलीं आहेत. काम अतोनात, मिळकत थोडी, कोंवळीं मुलें कष्टानें वांकून गेलेलीं. आणि त्याहून मोठें दुःख हें कीं मुलें आईबापांच्या हातचीं सुटत चाललीं होतीं. कोणी शिपाईगिरी पत्करी, कोणी गलबतावर निघून जाई. एडवर्ड विन्स्लो या त्यांच्या सोबत्यानें तर स्पष्टच सांगितलें आहे कीं आपली भाषा आणि इंग्रज हें आपलें नांव नाहींसें होईल, ही त्यांस भीति होती. १६२० च्या जुलैमध्यें ते डेल्फ्सहावनच्या धक्क्यावरून निघाले, आणि पुढें 'मेफ्लॉवर' जहाजांतून अमेरिकेस पोंचले. ज्यांस अमेरिकन लोक आपल्या आद्य पूर्वजांत गणतात, त्या 'पिल्ग्रिम' मंडळींची ही हकीकत. जे मागें राहिले, त्यांचे वंशज डच लोकांत मिसळून गेले.

मुलें डच होतील म्हणून जेथून पूर्वज पळाले, त्याच गांवीं चारशें वर्षांनीं हे ओहायोवाले आपण होऊन येऊन राहिले होते!

आणि त्यांना गांव गोडहि वाटे. याचें पहिलें कारण बाळंतपण. बाईंची आई गुडघ्यांच्या दुखण्यामुळें येऊं शकली नाहीं. आपल्याकडे अशा वेळीं मावशी-आत्या धांवून येतात, त्यांच्याकडे कोणी नव्हतें. पण हॉलंडांत सक्तीच्या आरोग्य-विम्यांतूनच बाळंतिणीच्या घरीं सुमारें आठ दिवस शिकलेली परिचारिका येते. ती येण्याआधीं पलंगाखालीं ठोकळे घालून तो ठराविक उंचीस आणावा लागतो, कारण वांकून वांकून तिची पाठ मोडूं नये असा नियम आहे. (हा विचार आपल्याकडे कोणा सुईणीच्या पाठीविषयीं झालेला आम्हीं ऐकला नाहीं.) ती बाळाचें वजन करी, आईचा ताप पाही, न्हाणीघर स्वच्छ करी, मोठ्या मुलांस पावाचे तुकडे लोणी लावून देई आणि भेटीस आलेल्यांस चहाहि करून देई. बाई म्हणाल्या, "थोरलीच्या वेळीं मी तिसऱ्या आठवड्यांत कामावर हजर झालें होतें. येथें कोणी परकी बाई येऊन माझे पाय चेपते, याचें मला रडूं येतें." अमेरिकेंत १९९३ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा मिळूं शकते, पण ती बिनपगारी, आणि सर्वांना नव्हे. हॉलंडांत नोकरदार स्त्रीस निदान सोळा आठवडे पगारी रजा आहे.

बाळ पाहावयास येणारास तेथें कडक भाजलेल्या गोल पावावर लोणी लावून वर साखरेंत घोळलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे पेरून देतात. मुलगी झाली तर पांढरे व गुलाबी, मुलगा झाला तर पांढरे व निळे. या दाण्यांनीं आईस दूध येतें, अशी जुनी समजूत. हें ऐकून आमच्या कुटुंबानें सूनबाईंच्या डब्यांतील बाळंतशोपा वर नेऊन दिल्या. परिचारिकेनें एक चिमूट तोंडांत टाकली आणि मान डोलावली. दोन देशांच्या म्हाताऱ्यांनीं न भेटतां एकच औषध काढलेलें पाहून मौज वाटली.

मूल हॉलंडांत जन्मलें, तरी केवळ तेवढ्यानें तें डच होत नाहीं. आईबाप अमेरिकन, म्हणून तेंहि अमेरिकन. महिन्याभराच्या त्या गोळ्यास घेऊन दोघें अॅमस्टरडॅमच्या वकिलातींत गेलीं, जन्माची नोंद केली, पांच वर्षांचा पासपोर्ट मागितला. या नागरिकत्वाची एक गंमत आहे. अमेरिकन माणूस जगांत कोठेंहि राहो, दरसाल त्यानें आपल्या सरकारास प्राप्तीचें विवरणपत्र पाठविलेंच पाहिजे; हा शिरस्ता अमेरिकेखेरीज एरिट्रियासारख्या एखाद्याच देशाचा. परदेशांतील खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांहून अधिक पैसे झाले कीं त्यांची खबर वेगळी द्यावी लागते. २०१० सालच्या एका कायद्यानें तर परक्या पेढ्यांनाहि अमेरिकन खातेदारांची माहिती कळविणें भाग पाडलें आहे. ती यातायात नको म्हणून एका पेढीनें या गृहस्थांस गुंतवणुकीचें खातें उघडूंच दिलें नाहीं. ते हंसून म्हणाले, "आमचें सरकार आम्हांस विसरत नाहीं, एवढें खरें!" सरकार विसरत नाहीं, पण मुलें आपली भाषा विसरूं लागलीं, त्यावर वकिलातींत कांहीं कागद मिळत नाहीं.

डच मूल चौथ्या वाढदिवसापासून शाळेंत जाऊं लागतें. नऊ वर्षांची थोरली एकटी सायकलवर शाळेस जाई. आरंभीं बाईंच्या पोटांत गोळा येई. त्यांच्या गांवीं एवढें मूल रस्त्यावर एकटें दिसलें तर शेजारी पोलिसांस कळवितील, ही त्यांस धास्ती. २०१८ सालीं युटा संस्थानास तर मुलांनीं एकट्यानें शाळेंत वा बागेंत जाणें म्हणजे आईबापांची हयगय नव्हे, असा कायदाच करावा लागला. हॉलंडांत उलट, कालवे पावलोपावलीं असल्यानें मुलांस अंगावरच्या कपड्यांसकट व पायांतल्या बुटांसकट पोहावयास शिकवितात आणि मग मोकळें सोडतात. आम्हांस ही रीत फार शहाणपणाची वाटली.

खरी गोष्ट पुढेंच आहे. एके दुपारीं आमची नात आणि वरचा मुलगा जिन्यांत लाकडी आगगाडी खेळत बसलीं होतीं. एक मराठी घरचें, एक इंग्रजी घरचें. बोलणें सगळें डच. बाई तान्ह्या मुलीस खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशीं उभ्या होत्या. म्हणाल्या, "इंग्रजी शिकवावें लागतें हें मला ठाऊकच नव्हतें. तें आपोआप येतें असें समजत होतें. आतां हा एकटा खेळतो तेव्हांहि स्वतःशीं डच बोलतो." आमच्या सूनबाई दाराशीं भाजी निवडत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

रविवारीं सायंकाळीं ओहायोच्या आजीशीं पडद्यावर बोलणें होई. मुलगा इंग्रजी शब्द डच वळणानें जोडी, क्रियापद शेवटीं टाकी (मराठी माणसास यांत कांहींच वावगें वाटणार नाहीं!), मध्यें एखादा डच शब्दहि येई. आजी तिकडून पुन्हां पुन्हां विचारी, "काय म्हणालास, बाळ?" मग बाई अर्थ करून सांगत. कांहीं वेळानें मुलगा उठून जाई, आणि आजी रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारी, "गेला वाटतें?" आमचें पुण्याचें घर आठवून आम्ही त्या वेळीं तेथून उठत असूं.

सण मात्र दोन्हीकडचे होत. तीन ऑक्टोबरला, १५७४ त लायडनचा वेढा उठला त्याची आठवण म्हणून गांवांत हेरिंग मासे व पांढरा पाव वांटतात. मुलें रांगेंत पहिलीं. पांच डिसेंबरला सिंटरक्लासची भेट, आणि त्याच नांवावरून अमेरिकेंत झालेल्या सांताक्लॉजची पुन्हां नाताळांत. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं अमेरिकनांचा आभारदिन येतो. ज्या पीटर्सकेर्कमध्यें १६२५ सालीं रॉबिन्सन यांस पुरलें (ते अमेरिकेस कधींच जाऊं शकले नाहींत), तेथें त्या सकाळीं परदेशस्थ अमेरिकन प्रार्थनेस जमतात. आम्हीहि गेलों. गृहस्थ होते, बाई होत्या, तान्ही होती. थोरलीं दोघें डच शाळेंत होतीं, कारण तेथें तो सुटीचा दिवस नव्हे आणि विनापरवानगी शाळा बुडविली तर आईबापांस दंड होतो. मेजवानी शनिवारीं झाली. खाटकाकडून मागविलेला टर्की पक्षी तेथील लहान भट्टींत मावेना, म्हणून त्याचे दोन भाग करावे लागले. आमच्यासाठीं बाईंनीं लाल भोपळ्याचें गोड पक्वान्न अंडें न घालतां केलें होतें. तें छान झालें होतें.

१९५६ च्या डच-अमेरिकन तहाप्रमाणें साडेचार हजार युरो धंद्यांत गुंतवून अमेरिकन माणसास तेथें राहतां येतें. परवाना प्रथम दोन वर्षांचा, मग पांच वर्षांचा. गृहस्थ संगणकाचें काम घेतात व त्याच तहावर आलेले. मुलगी तेव्हां पांच वर्षांची होती. हल्लींचा परवाना ती बारा वर्षांची होईल तेव्हां संपेल. डच शाळांत आठव्या इयत्तेअखेर, म्हणजे बाराव्या वर्षींच, मूल पुढें विद्यापीठाच्या वाटेनें जाणार कीं हातच्या धंद्याच्या, याची शिफारस ठरते. अमेरिकेंत सगळीं मुलें एकाच हायस्कुलांत जातात, म्हणून हा निवाडा बाईंस फार लवकरचा वाटतो. जवळच वासेनारला अमेरिकन शाळा आहे, पण तिचें शुल्क मोठ्या कंपनीनें भरल्याशिवाय कोणास झेपण्यासारखें नाहीं. डच नागरिक व्हावें, तर बहुधा अमेरिकेचें नागरिकत्व सोडावें लागतें. ओहायोचें घर विकलेलें नाहीं, भाड्यानें दिलेलें आहे. आणि भाडेकऱ्याचा करारहि त्याच वर्षापर्यंतचा करून घेतला आहे, असें निघण्याच्या आदल्या दिवशीं गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें.