धुळीआडचे तारे

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की दौंड-शिरूर पट्ट्यातला सूर्य मावळताना जरा जास्तच लालभडक दिसतो. ट्रॅक्टर-बैलगाड्यांची धूळ, पेटवलेल्या पाचटाचा धूर. बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा बराचसा निसटतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तर आणखी सहज निसटतो. सध्या जे वाचतोय त्याचं मर्म एवढ्यातच आहे, म्हणून सुरुवात घरच्या धुळीपासून.

विषय आहे दडलेल्या सुपरनोव्हांचा. सूर्याच्या साधारण आठपटीहून जड तारे शेवटी आत कोसळतात आणि फुटतात. असा स्फोट काही आठवडे कोट्यवधी ताऱ्यांइतका उजळतो. मग तो दिसणार नाही असं कसं होईल? पण होतं! सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचं, या थोरल्यांचं मात्र फार तर चार-पाच कोटी. तेवढ्यात अनेकांना आपल्या जन्माच्या ढगापासून लांब जायला वेळच मिळत नाही. पाळणा आणि सरण एकाच धुळीत.

२०११ साली शुनसाकू होरिउची आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की जितके मोठे तारे जन्मतात त्या मानानं मरताना दिसणारे जेमतेम निम्मे भरतात. बाकीचे गेले कुठं? काही गाजावाजा न करता कृष्णविवर झाले असतील. पण काही नुसते धुळीआड असणार.

ते शोधायला 'स्पिरिट्स' ही मोहीम निघाली. तिच्या प्रमुख इंदूरमध्ये जन्मलेल्या मानसी कासलीवाल. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीतून जवळच्या दीर्घिकांचे अवरक्त फोटो पुन्हा पुन्हा काढायचे, नव्यातून जुना वजा करायचा आणि काय उरतं ते पाहायचं. आयसी २१६३ या एकाच दीर्घिकेत त्यांना असे दोन दडलेले स्फोट मिळाले. २०१४ ते २०१८ मधल्या सापडलेल्यांचा हिशेब जेकब जेन्सन यांनी २०१९ मध्ये मांडला. तारा कोसळून झालेले १३ स्फोट, त्यातले ५ अवरक्तातच हाती लागलेले. म्हणजे ३८.५ टक्के सुटलेले! नमुना लहान, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे मर्यादाही दिली, साधारण १७ ते ६५ टक्के. स्पिट्झर २०२० च्या जानेवारीत बंद झाली.

आपल्या शिरूरहून नारायणगावकडे गेलं की खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तबकड्या दिसतात, एकूण ३०. त्या रेडिओ लहरी टिपतात, आणि त्यांना तर धूळ जवळजवळ जाणवतच नाही. एम ८२ दीर्घिकेत २००८ साली झालेला एक स्फोट असाच, अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीनं २००९ मध्ये उघडकीला आणला. साध्या प्रकाशात तो कुणालाच दिसला नव्हता.

मला यातली सर्वात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. धूळ प्रकाश गिळते, पण तो नाहीसा होत नाही. धूळ तापते आणि ती ऊब अवरक्तात बाहेर पडते. गेलेल्याची खूण आजूबाजूच्यांच्या उबेत राहते.

हे वाचताना आपल्या घरची वंशावळ आठवली. आजी म्हणायची, "आम्ही सात भावंडं." वंशावळीत चारच आहेत. दोघी लहानपणी गेल्या, एक बाळंतपणात. कागदावर त्या नाहीत, पण त्यांचा विषय निघाला की आजीचा आवाज बदलायचा, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. आता ती आठवण असलेली माणसंही थोडीच उरलीत.

काका, तुम्ही हे वाचत असालच. छापायला देण्याआधी त्या तिघींसाठी जागा सोडा. आत्याला आणि न्हावऱ्याच्या मावशीला विचारून नावं मिळतील तेवढी लिहू. नाहीच मिळालं एखादं, तर नुसती रेघ काढू आणि पुढं प्रश्नचिन्ह देऊ. पण आकडा सातच धरू.