पदवीचा रकाना

मुकुटबनजवळ एका वजनकाट्यावर माझा जुना विद्यार्थी बसतो. गाडी रिकामी आली की एक आकडा, भरून आली की दुसरा. वजाबाकी केली की माल निघतो. दिवसभर हेच काम. रसायनशास्त्र घेऊन तो बी.एस्सी. झाला आहे. परवा तिकडून जाताना थांबलो, तर त्यानं स्वतःची खुर्ची मला दिली आणि चहा सांगितला.

झरी-जामणी तालुक्याच्या या पट्ट्यात जमिनीच्या पोटात कोळसा आहे, चुनखडी आहे. २०२२ साली इथं एमपी बिर्ला समूहाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पुढे साडेचौदाशे अंशांच्या आसपास क्लिंकर तयार होतं. त्यातलं पहिलं समीकरण मीच त्याला फळ्यावर शिकवलं होतं. त्याला ते अजून पाठ आहे. काट्यावर मात्र ते कुणाला लागत नाही.

राज्याच्या किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात. ते कामाचे असतात. पदवीचा रकाना त्यात नसतो. डंकन आणि हॉफमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९८१ साली अशा जास्तीच्या शिक्षणाचा हिशेब मांडला होता. कामाला लागणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षामागे कमाई जेवढी वाढते, त्याच्या जवळजवळ निम्मीच ती गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या वर्षामागे वाढते. म्हणजे ते शिक्षण अगदीच वाया जात नाही. पण कापूस विकून बापानं फी पूर्ण भरलेली असते आणि पोरानं तीन वर्षं पूर्ण दिलेली असतात.

ही गोष्ट एका काट्यापुरती नाही. २०२४च्या पोलीस भरतीत राज्यात सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. शिपाई व्हायला अभियंतेही रांगेत होते. बारावीच्या जागेवर पदवीधर बसला की बारावीवाला खाली सरकतो आणि ठेकेदाराच्या हजेरीवर फावडं उचलतो.

पगाराचा विषय निघाला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, पगार कमी हाये, हे घरी सांगता येते. पन मले जे येते ते कोनालेच लागत नाही, हे कोनाले सांगू?"

मी निरुत्तर झालो. "शिका, नोकरी लागेल," हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी म्हटलं आहे. शिकू नका, असं आजही म्हणणार नाही. पण ज्या मातीतून दगड उचलला जातो, तिथल्या मुलांना काट्याबरोबर प्रयोगशाळेचंही दार उघडं असावं, असं मला मनापासून वाटतं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे. २०१४च्या दुरुस्तीनं अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. ती जागा गावापर्यंत पोचवणं हे कारखान्यांचं आणि कॉलेजांचं काम आहे, आम्हा शिक्षकांचंही.

निघताना एक ड्रायव्हर खिडकीशी आला. त्याची मुलगी दहावीत आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ का होते, हे तिला समजत नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यानं काट्याची पावती उलटी केली, समीकरण लिहिलं आणि एकेक बाण दाखवत समजावू लागला. मागं गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. कितीतरी दिवसांनी मला त्याचा वर्गातला आवाज ऐकू आला.