पोशिंदी

‘गोगलगाय आणि पोटांत पाय’ ही म्हण ज्यानें प्रथम रचली, त्याच्या मनांत गोगलगायीविषयीं फारसा सद्भाव नसावा. वरून गरीब आणि आंतून कावेबाज अशा माणसाला आपण ती लावतों. शास्त्रज्ञांनींही या प्राण्यांच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेंच नांव दिलें आहे. पण त्यांत निंदा नाहीं, पोटावर चालणाऱ्या जीवाचें तें सरळ वर्णन आहे. तिच्या शंखांत पायापेक्षां पुष्कळ मोठें गुपित दडलेलें आहे, आणि त्याला कावा म्हणतां येणार नाहीं.

माझ्या लहानपणचें भाईंदर म्हणजे खाडीकांठचीं मिठागरें, त्यांच्या अलीकडे भातखाचरें आणि मध्यें रेल्वेचें स्टेशन. आज तेथें मीरा-भाईंदर महानगरपालिका आहे. ती २००२ सालीं झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत तिच्या हद्दींत आठ लाखांवर माणसें भरलीं. मिठागरांच्या खाऱ्या पाण्यांत या गोगलगायी कोठून असणार? पण पावसाळ्यांत खाचरांत आणि तळ्यांत त्यांचे दोन प्रकार हमखास दिसत: एक चकलीसारख्या सपाट वेटोळ्याचा, दुसरा निमुळत्या टोंकाच्या पातळ शंखाचा. या दोन्ही प्रकारांत नर वेगळा आणि मादी वेगळी अशी वांटणीच नाहीं. प्रत्येक प्राणी नरही असतो आणि मादीही. पाण्यांतल्या पानाच्या खालच्या अंगाला त्यांचीं अंडीं पारदर्शक चिकट गोळ्यांत चिकटलेलीं असत.

शंखाच्या शेंड्याजवळ, पाचकग्रंथींत रुतलेली, एक लहानशी ग्रंथि असते. तिच्यांतच बीजांडेंही होतात आणि शुक्राणुही. द्राक्षांच्या घडासारखे बारीक कोश जुळून ती बनलेली असते. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर कोशाच्या भिंतीला टेकून बसलेल्या कांहीं मोठ्या पेशी दिसतात, आणि प्रत्येकीला बिलगून वाढणाऱ्या शुक्रपेशींचा एक घोळका. एका घोळक्यांतील भावंडें सूक्ष्म सांकवांनीं एकमेकांना जोडलेलीं असतात, म्हणून तीं सारीं एकदमच वयांत येतात. वाढ पुरी होत आली कीं त्यांचीं डोकीं त्या मोठ्या पेशीच्या कुशींत रुततात आणि लांब शेपट्या कोशाच्या पोकळींत मोकळ्या राहतात. त्या पेशीपाशीं शर्करेचा आणि मेदाचा साठा असतो. वाढत्या पिलांचें पोषण तिच्याकडून होतें. शुक्राणु सडपातळ होतांना अंगावरचा जो जास्तीचा जीवद्रव टाकतात, तोही ती गिळून पचविते. अखेर पिळदार डोक्याचे शुक्राणु निघतात ते शेपटींत शर्करेची शिदोरी घेऊन. सर्व निघून जातात. पोशिंदी पेशी मात्र स्वतः कधीं शुक्राणु होत नाहीं.

हा संसार केवळ गोगलगायीचाच नव्हे. १८६५ सालीं एन्रिको सर्टोली या तरुण इटालियन शास्त्रज्ञानें माणसाच्या वृषणांतील अशाच पेशींचें वर्णन केलें आणि त्यांना ‘फांद्या फुटलेल्या पेशी’ म्हटलें. पुढें त्यांना त्याचेंच नांव पडलें, आणि तळ्यांतल्या या जीवांतील पोशिंद्या पेशीही आतां त्याच नांवानें ओळखल्या जातात. आपली आणि गोगलगायीची वंशवाट फुटून पन्नास कोटींहून अधिक वर्षें लोटलीं. पण पिलांना पोसणाऱ्या आणि स्वतः मागें राहणाऱ्या पेशीवांचून दोघांचेंही चालत नाहीं.

हें वाचलें तेव्हां मला माझी आत्या आठवली. सोळाव्या वर्षीं वैधव्य येऊन ती माहेरीं परतली, ती कायमचीच. आम्हां पांच भावंडांना तिनें वाढविलें. आमचे आखूड झालेले कपडे उसवून ती गोधड्या शिवी. आमच्यांपैकीं जो कोणी शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं बाहेर पडे, त्याच्या पिशवींत तांदळाच्या भाकरी आणि लसणीची चटणी तिच्या हातची असे. ती गेली तेव्हां तेराव्याला जमलेला प्रत्येकजण तिला ‘त्यागमूर्ति’ म्हणाला. बाईचा जन्मच देण्यासाठीं असतो, निसर्गाची तशी योजनाच आहे, असेंही एक वडीलधारे गृहस्थ बोलले.

निसर्गाची साक्ष काढायची, तर ती पुरती तपासली पाहिजे. पोशिंदी पेशी त्याग करीत नाहीं. ती आणि तिच्या कुशींतले शुक्राणु एकाच अंड्यांतून वाढलेल्या देहाचे भाग आहेत; तिचाच वारसा ते पुढें नेतात. तिला दुसरी वाट नाहीं, आणि दुसरी वाट असावी अशी इच्छाही नाहीं. आत्याला इच्छा होती. आमच्याच पाट्यांवर आणि पुस्तकांवर ती लिहावयास-वाचावयास शिकली होती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, एका संध्याकाळीं तिनें माझ्या वडिलांना विचारलें, “दादा, मी मास्तरणीच्या परीक्षेला बसूं का?” वडील रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच म्हटलें, “मग घरांत कोण पाहील?” ती आंत गेली आणि दिवा लावूं लागली. तो प्रश्न तिनें पुन्हा काढला नाहीं.

ज्याला नाहीं म्हणतां येतें आणि तरीही जो देतो, त्याच्या देण्याला त्याग म्हणावें. आत्याला नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. तिच्या बाबतींत निसर्गानें कांहींच ठरविलें नव्हतें. ठरविलें होतें तें घरानें, आणि ‘त्यागमूर्ति’ या शब्दानें घरानें आपला हिशेब मिटविला. शुक्राणूंना पोशिंदी लागते, एवढेंच गोगलगाय सांगते. घरालाही पोशिंदें कोणी तरी लागतेंच. पण तें कोणीं व्हावें, किती वर्षें व्हावें आणि त्याच्या पाळीला दुसऱ्या कोणीं उभें राहावें, हें तिला विचारून उपयोग नाहीं. तें माणसांनीं माणसांना विचारावयाचें आहे. मिठागरांच्या शेजारीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतही सकाळच्या लोकलच्या वेळीं तोच प्रश्न निघतो, “घरांत कोण पाहील?” आणि प्रश्न पुरा होण्यापूर्वींच सर्वांचे डोळे पुष्कळदां एकाच व्यक्तीकडे वळतात.