फुल्नेकची दुहिता

विलायतेचें प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांस लंडन, पॅरिस, व्हेनिस हीं नांवें आठवतात. आज आम्ही ज्या गांवाची हकीकत सांगणार आहों, त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकलें असेल. त्या गांवास फुल्नेक म्हणतात. चेक देशाच्या पूर्वभागास मोराव्हिया असें नांव आहे. त्याच्या ईशान्येकडील टेकड्यांच्या आश्रयास, सहा हजारांहूनही कमी वस्तीचें हें लहानसें शहर वसलें आहे.

आमची कन्या व जामात नोकरीच्या निमित्तानें तेथून जवळच ओस्ट्राव्हा शहरीं राहतात. गेल्या वैशाखांत आम्ही महिनाभर त्यांच्या घरीं होतों. ओस्ट्राव्हा हें एके काळचें कोळशाचें व पोलादाचें शहर. तेथील उंच धुराडीं आणि थंड झालेल्या भट्ट्या पाहून दोन दिवसांत आमचें समाधान झालें. तेव्हां मुलगी म्हणाली, "अप्पा, तुमच्या कोमेनियसचें गांव येथून तासाभराच्या आंत आहे. रविवारीं जाऊं या."

मॅट्रिक होऊन आम्ही अध्यापनाच्या परीक्षेस बसलों, तेव्हां कोमेनियस हें नांव आम्हीं प्रथम पाठ केलें. त्यांची जन्मतिथि, त्यांचे ग्रंथ, त्यांचीं तत्त्वें, सर्व कांहीं घोकलें होतें. पुढें पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. पण त्या तत्त्वांपैकीं किती आचरणांत आलीं, हा प्रश्न आम्हीं स्वतःस कधीं विचारला नाहीं. तो प्रश्न फुल्नेकनें विचारला, म्हणून हा लेख.

रविवारीं सकाळीं जांवईबापूंच्या मोटारींतून आम्ही, मुलगी व नऊ वर्षांची नात असे निघालों. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मोहरीसारख्या पिवळ्या फुलांचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलीं होतीं. या प्रांताच्या जुन्या जर्मन नांवाचा अर्थच मुळीं "गाईंचा चिमुकला देश" असा आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारे मेंडेल १८२२ सालीं याच प्रदेशांत जन्मले, आणि मनाचा ठाव घेऊं पाहणारे फ्रॉइड १८५६ सालीं जवळच्याच प्रशिबोर गांवीं. एवढ्याशा टापूंत विद्येचें हें पीक पाहून आम्हांस मौज वाटली.

फुल्नेकमधून एक ओढा वाहतो. त्याचें नांव नातीनें वाचून दाखविलें व त्याचा अर्थही सांगितला: हंसओढा. तिची शाळा चेक भाषेची असल्यामुळें ती भाषा तिला घरच्यासारखी येते. चेक भाषेंतील "हुसा" आणि आपला "हंस" हे एकाच कुळांतले शब्द आहेत. संस्कृत शिकविणाऱ्याच्या हातीं असें सूत सांपडलें कीं तो स्वर्ग गांठूं पाहतो. आम्हीं विचारीत सुटावें आणि नातीनें सांगावें. भावास "ब्रात्र", म्हणजे आपला भ्राता. मुलीस काय म्हणतात, असें विचारतां ती म्हणाली, "त्सेरा." शब्द फार झिजलेला, तरी मूळ आपल्या "दुहितृ" शब्दाशींच जाऊन भिडतें. यास्काचार्यांनीं निरुक्तांत दुहितेचे जे अर्थ सुचविले आहेत, त्यांत एक धार काढणारी असा आहे, तर दुसरा, दूर राहण्यांतच जिचें हित आहे ती, असा आहे. गाईंच्या देशांत पहिला अर्थ आठवून आम्ही हंसलों. दुसरा अर्थ मात्र दिवसभर आमच्याबरोबर हिंडत राहिला.

गांवावर एका टेकडीची छाया आहे. तिच्यावर जुना वाडेवजा किल्ला, आणि खालीं पवित्र त्रिमूर्तीचें भव्य देवालय. दुसऱ्या महायुद्धापर्यंत येथें बहुतेक वस्ती जर्मन भाषिकांची होती. १९४५ नंतर त्यांस देशाबाहेर काढण्यांत आलें, आणि इतर ठिकाणांहून आलेल्या चेक कुटुंबांनीं गांव पुन्हां वसविलें. येथील मातीस निरोपाची संवय फार जुनी आहे. कोमेनियस, म्हणजेच चेक लोकांचे यान आमोस कोमेन्स्की, १६१८ सालीं आपल्या बंधुसंघाचे उपाध्याय व शाळेचे मुख्य म्हणून येथें आले, तेव्हां ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्याच सालीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें. १६२१ त त्यांस गांव सोडून लपत फिरावें लागलें. पाठोपाठ पत्नी व दोन लहान मुलें सांथीच्या रोगानें गेलीं. १६२८ सालीं त्यांनीं देश सोडला, तो कायमचा. १६७० त आम्स्टरडॅम येथें देह ठेवीपर्यंत मातृभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं. ज्या मंदिरांत ते प्रवचन करीत, तेथें आज त्यांचें स्मारक आहे. २८ मार्च हा त्यांचा जन्मदिवस चेक देशांत शिक्षकदिन म्हणून पाळतात.

त्यांचा "ऑर्बिस पिक्टस" हा सचित्र ग्रंथ १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें छापला गेला. मुलांसाठीं चित्रांसह रचलेल्या पाठ्यपुस्तकांचा तो आद्य पूर्वज होय. मुलीनें आपल्या मोबाईलवर त्यांतील एक पान काढून दाखविलें, आणि आम्ही चकित झालों. पाठ चेंडूच्या खेळाचा होता. एका बंदिस्त जागेंत दोघे जण जाळीदार फळीनें चेंडू इकडून तिकडे टोलवीत आहेत, आणि हा खेळ थोर कुळांतील लोकांच्या व्यायामाचा, असा खालीं अभिप्राय आहे.

नातीनें तें ऐकून नाक मुरडलें. "थोर कुळांतल्यांचा कसा, आजोबा? पेत्रा तर येथलीच! तिचे बाबा तुमच्यासारखे मास्तर होते."

खरी गोष्ट होती. पेत्रा क्वितोव्हा ही ८ मार्च १९९० रोजीं शेजारच्या बिलोव्हेत्स गांवीं जन्मली आणि फुल्नेकमध्यें वाढली. वडील शाळामास्तर. घरांत दोन वडील भाऊ. ना वाडा, ना जहागीर. वडिलांनींच मुलांच्या हातीं टेनिसची रॅकेट दिली व शाळेचें काम आटोपल्यावर गांवच्या मैदानावर त्यांस खेळविलें. मुलगी डावखुरी. आपल्याकडील कित्येक घरांत डावा हात पुढें करतांच टपली बसते. येथें तोच हात पुढें जगानें पाहिला.

स्मारकांतून निघून आम्ही टेनिसच्या मैदानांकडे गेलों. तांबड्या मातीचीं साधीं मैदानें, भोंवतीं तारेचें कुंपण, एका बाजूस लांकडी बांक. कोणी एक मध्यमवयीन गृहस्थ टोपलींतले चेंडू एकामागून एक टाकीत होते व पांचसहा मुलें पाळीपाळीनें ते परतवीत होतीं. ज्या मैदानाच्या आठवणीवर विंबल्डनचा इतिहास घडला, तें याहून मोठें असेल अशी आमची कल्पना होती.

या मैदानावर ती सोळा वर्षांची होईपर्यंत खेळली. तोंपर्यंत घर, शाळा व गांव हेंच तिचें विश्व. पुढें जाणत्या शिक्षकांनीं तिच्या अंगचे गुण पाहून तिनें हा खेळ व्यवसाय म्हणून पत्करावा असें सुचविलें, आणि सोळाव्या वर्षीं ती प्रोस्त्येयोव येथील टेनिस क्लबांत दाखल झाली. प्रोस्त्येयोव हें मोराव्हियाच्या सुपीक हाना मैदानांतलें कपडे शिवण्याच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध झालेलें शहर. तेथील क्लबानें तोमाश बेर्दिखसारखे नामांकित खेळाडू तयार केले आहेत.

यानंतरचीं पांच वर्षें म्हणजे धडपडीचीं. २००८ च्या आरंभीं अमेरिकेंत मेंफिस येथें, अठरावें वर्ष अजून पुरें व्हावयाचें असतां, तिनें आदल्या वर्षाची विंबल्डन-विजेती व्हीनस विल्यम्स हिला हरविलें. त्याच वर्षीं पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेंत ती चौथ्या फेरीपर्यंत पोंचली. वर्षाच्या अखेरीस दाव्हिद कोतिझा हे तिचे मार्गदर्शक झाले. २००९ च्या जानेवारींत टास्मानियांतील होबार्ट येथें तिनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें, आणि सप्टेंबरांत न्यूयॉर्क येथें जगांत पहिल्या क्रमांकावर असलेल्या दिनारा साफिना हिला धूळ चारली. पण मध्यंतरीं दुखापती होत्या, आणि पहिल्याच फेरीत घरीं परतण्याचे प्रसंगही पुष्कळ होते. हिरवळीवर तर २०१० पूर्वीं मोठ्या स्पर्धेंत तिला एकही सामना जिंकतां आला नव्हता. त्या वर्षीं विंबल्डनमध्यें ती एकदम उपांत्य फेरीपर्यंत गेली व सेरेना विल्यम्सकडून हरली. लोक म्हणूं लागले, आतां ही चमकणार. तों पुढील कांहीं स्पर्धांत लागोपाठ पराभव! विद्या अशीच येते. परीक्षेचा निकाल एका दिवशीं लागतो. अभ्यासाची वाट मात्र चढउतारांची असते.

२ जुलै २०११ रोजीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत तिनें मारिया शारापोव्हाला ६-३, ६-४ असें हरविलें. वय एकवीस. १९९० च्या दशकांत जन्मलेल्या खेळाडूंपैकीं, पुरुष काय किंवा स्त्री काय, अशी मोठी स्पर्धा जिंकणारी ती पहिली. प्रेक्षकांत त्या दिवशीं मार्टिना नवरातिलोव्हा बसली होती. प्रागची ही डावखुरी खेळाडू पेत्राचा बालपणापासूनचा आदर्श. १९७५ सालीं, अठरा वर्षांची असतांना, तिनें अमेरिकेंत आश्रय मागितला. कारण तत्कालीन राज्यकर्ते खेळाडूंच्या प्रवासावरही पहारा ठेवीत. त्यानंतर पुन्हां प्रागमध्यें पाऊल टाकावयास तिला १९८६ साल उजाडावें लागलें, आणि तेंही अमेरिकेची खेळाडू म्हणून. तिला जायचें तर घर तोडूनच जावें लागलें. पेत्राच्या जन्मापूर्वीं चारच महिने, नोव्हेंबर १९८९ मध्यें, ती राजवट कोसळली होती. म्हणून फुल्नेकच्या मास्तरांस मुलगी दूर धाडतां आली आणि ती परत येईल असा भरंवसाही बाळगतां आला.

आम्ही बांकावर बसून हें सर्व मुलीकडून ऐकत होतों. नात कुंपणाच्या तारेंत बोटें अडकवून आंतला खेळ पाहत उभी होती. थोड्या वेळानें आम्हीं मुलीस विचारलें, "तुला तो बॅडमिंटनचा कागद आठवतो का ग?"

ती नववींत असतांना तिची निवड जिल्ह्याच्या चमूंत झाली होती. तीन आठवडे परगांवीं शिबिर. पालकांच्या संमतीचा कागद तिनें आमच्या हातीं दिला. आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. रागावलों नाहीं. परगांव, अनोळखी माणसें, मुलीची जात, असा विचार करीत कागद ठेवून दिला. मुदत टळून गेली. तिनें पुन्हां विचारलें नाहीं, आणि आम्हीं तें तिचें शहाणपण समजलों.

"आठवतो ना," ती म्हणाली. "तुम्हीं पंचांगांत ठेवला होता."

"तुला ठाऊक होतें?"

"रोज काढून पाहत होतें, अप्पा. सही झाली का म्हणून."

याहून अधिक ती बोलली नाहीं. तिच्या स्वरांत राग नव्हता, आणि तेंच आम्हांस जड गेलें.

परगांवच्या भयानें आम्हीं सही केली नाहीं. पण भय कोठें असतें? २० डिसेंबर २०१६ रोजीं पेत्रावर चाकूचा हल्ला झाला, तो परदेशीं कोठें नव्हे, प्रोस्त्येयोवला तिच्या राहत्या घरांत. जगभर एकटीनें फिरलेली मुलगी स्वतःच्या उंबऱ्याच्या आंत घायाळ झाली. डाव्या हाताचीं बोटें व स्नायुरज्जू कापले गेले. कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. ती पुन्हां खेळेल, असें छातीठोकपणें कोणास सांगवेना. ती २०१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसला खेळली आणि जूनमध्यें बर्मिंगहॅम येथें जिंकलीही. २०१४ सालीं विंबल्डन दुसऱ्यांदा जिंकलेली ही खेळाडू २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या स्पर्धेनंतर निवृत्त झाली. तोंवर तिच्या नांवावर एकेरीचीं एकतीस अजिंक्यपदें जमा झालीं होतीं. मुलीस कोंडून ठेवल्यानें ती सुरक्षित राहते, हा आमचा हिशेब त्या बांकावर बसल्या बसल्या चुकला.

निघतांना मुलीनें पिशवींतून एक कागद काढला. नातीच्या शाळेचें सुट्टींतलें शिबिर, आठ दिवस, डोंगरांत. "सही मलाच करायची आहे," ती म्हणाली, "पण तुम्ही एकदां वाचा तरी."

आम्हांस चेक येत नाहीं. तरी नातीच्या नांवाआधीं एक शब्द होता, तो नातीनें बोटानें दाखविला: त्सेरा. आम्हीं खिशांतील लेखणी काढून मुलीच्या हातीं दिली.

घरोघरीं पंचांगें आहेत. आमच्या वाचकांनीं आपापलें एकदां उघडून पाहावें, एवढीच विनंती.